किल्ल्यावर कोण उभे आहे? : दिवाळीचा किल्ला, भातुकली आणि समतेचे पहिले धडे

१/
वसुबारसेच्या चार दिवस आधी महाराष्ट्रात एक बांधकाम सुरू होते. चाळीच्या जिन्याखाली, वाड्याच्या अंगणात, सोसायटीच्या कोपऱ्यात विटा रचल्या जातात, त्यांवर जुने गोणपाट पसरले जाते आणि तांबड्या मातीचा लेप चढतो. वर बुरूज, खाली गुहा, गुहेत वाघ, उतारावर पेरलेला आळीव. माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज. असंख्य मराठी मुलांची इतिहासाशी पहिली ओळख पुस्तकातून होत नाही. ती चिखलाने माखलेल्या हातांनी होते. #धागा

२/
या किल्ल्याविषयी दोन साधे प्रश्न फारसे विचारले जात नाहीत. तो बांधतो कोण? आणि त्यावर उभे कोण असते? पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतली वाटणी ठरलेली होती. किल्ला आणि आकाशकंदील मुलांकडे, रांगोळी आणि फराळाची मदत मुलींकडे. आज अनेक घरांत मुलीही माती कालवतात, ही आनंदाची गोष्ट. तरीही ‘दादाचा किल्ला’ आणि ‘ताईची रांगोळी’ हे शब्द अजून मराठीतून गेलेले नाहीत.

३/
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बाजारात मिळते. दिवाळीच्या तोंडावर मांडलेल्या मातीच्या चित्रांकडे नीट पाहावे. पुरुषांच्या मूर्ती : ढाल-तलवार घेतलेला मावळा, भालदार, तोफेजवळचा गोलंदाज, घोडेस्वार, तुतारी फुंकणारा. स्त्रियांच्या मूर्ती : डोक्यावर घागरी घेतलेली, जात्यावर बसलेली, दुधाचे मडके सांभाळणारी गवळण. पुरुषांना तटबंदी मिळते. स्त्रियांची जागा पायथ्याच्या गावात.

४/
स्त्री-पुरुष समतेची चर्चा बहुधा कायदा, नोकरी, मालमत्ता आणि मतदान यांच्याभोवती फिरते. ते सारे आवश्यकच आहे. पण पाच वर्षांच्या मुलाला कायदा ठाऊक नसतो. त्याला बाहुली, बुडकुली, माती आणि रंग ठाऊक असतात. कोणाचे काम काय, कोणाची जागा कुठे, याचे पहिले धडे त्यांतूनच गिरवले जातात. म्हणून समतेची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी. इतिहासावर प्रेम करणाऱ्या तरुणांचा या कामात मोठा वाटा असू शकतो.

५/
आधी किल्ल्याकडे वळू. सन १६८९. फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले, ११ मार्चला त्यांची हत्या झाली. रायगडाभोवती झुल्फिकारखानाचा वेढा पडला. गडावर महाराणी येसूबाई आणि बालवयातील पुत्र शाहू होते. अशा वेळी येसूबाईंनी स्वतःच्या मुलाचा हक्क पुढे केला नाही. दीर राजाराम यांचे मंचकारोहण झाले आणि राज्य चालू राहावे म्हणून त्यांना गडाबाहेर काढण्यात आले.

६/
राजाराम महाराज पुढे दक्षिणेत जिंजीला पोहोचले. येसूबाई मात्र रायगडावर राहिल्या. गड नोव्हेंबर १६८९ पर्यंत टिकला. त्यानंतर त्या आणि शाहू मुघलांच्या कैदेत गेले. शाहू १७०७ मध्ये सुटले. येसूबाईंची सुटका व्हायला १७१९ साल उजाडले. जवळजवळ तीस वर्षांची कैद! रायगडाच्या इतिहासातले हे पर्व वगळून तो गड पूर्ण सांगताच येत नाही.

७/
सन १७००. साताऱ्याच्या किल्ल्याला औरंगजेबाचा वेढा पडलेला असताना मार्च महिन्यात सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. राज्याची सूत्रे महाराणी ताराबाईंनी हाती घेतली. सरसेनापती हंबीरराव मोहिते यांची ही कन्या तेव्हा अवघ्या पंचविशीची होती. समोर कोण? हिंदुस्थानचा बादशहा, स्वतः छावणीत, प्रचंड फौज आणि खजिन्यासह.

८/
बादशहाने सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे गडामागून गड घेतले. पण त्याच काळात मराठा फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरल्या, गुजरातेत पोहोचल्या आणि गेलेले अनेक किल्ले पुन्हा स्वराज्यात आले. मुघलांच्या बाजूने लिहिणाऱ्या खाफीखानालाही ताराबाईंच्या कर्तबगारीची दखल घ्यावी लागली. १७०७ मध्ये औरंगजेब दख्खनमध्येच मरण पावला. मराठ्यांचे राज्य उभेच होते.

९/
जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. रायगड, पन्हाळा आणि जिंजी हे तिन्ही त्यांत आहेत. साऱ्या महाराष्ट्राला त्याचा अभिमान वाटला. पण त्यानंतरच्या दिवाळीतही बाजारात येसूबाईंची किंवा ताराबाईंची मातीची मूर्ती शोधायला निघालेल्या मुलीला ती सहज मिळाली असती का? जगाने मान्य केलेला वारसा अंगणातल्या किल्ल्यावर अजून अर्धाच उतरतो.

१०/
इथे एक सावधगिरी हवी. समतेच्या उत्साहात खोटा इतिहास रचण्याचे काही कारण नाही. तटावर निम्मे मावळे आणि निम्म्या ‘मावळ्या’ उभ्या केल्या की न्याय झाला, असे होत नाही. हिरकणीची गोष्ट सांगावी, पण आख्यायिका म्हणून सांगावी. येसूबाई आणि ताराबाई मात्र आख्यायिका नाहीत. त्यांना किल्ल्यावर जागा देणे म्हणजे इतिहासाला वाकवणे नव्हे. आजवर राहून गेलेले ते भरून काढणे होय.

११/
आणि ती घागर घेतलेली, जात्यावर बसलेली बाई? तिला किल्ल्यावरून हटवू नये. उलट तिला वर आणावे. वेढ्यात पडलेला गड तोफांवर जितका टिकतो, तितकाच टाक्यांतल्या पाण्यावर आणि अंबरखान्यातल्या धान्यावर टिकतो. दाणे संपले की बुरूज आपोआप पडतो. धान्य दळून शिबंदीपुढे भाकरी ठेवणारे हातही लढाईतच होते. उणीव आहे ती एवढीच की मातीच्या त्या बाईला कोणी काही विचारत नाही.

१२/
आता दुसरे अंगण : भातुकली. पितळेच्या, तांब्याच्या, लाकडाच्या इवल्याशा भांड्यांचा हा संसार महाराष्ट्राच्या हस्तकलेचा सुंदर ठेवा आहे. बंब, चूल, पोळपाट-लाटणे, परात, झारा, पाटा-वरवंटा. मोठ्या स्वयंपाकघरातले सगळे काही मुठीत मावेल एवढे. त्यात बाहुला-बाहुलीचे लग्नही लागे. वरपक्ष, वधूपक्ष, मानपान, रुसवे. काही उरत नसे. खेळ गोड होता, आणि तितकाच बिनचूक सराव होता.

१३/
एकोणिसाव्या शतकात या खेळात आणि आयुष्यात अंतरच फार थोडे होते. काल बाहुलीचे लग्न लावणारी मुलगी आज स्वतः बोहल्यावर चढत असे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीसाठी १२ वर्षांची मर्यादा घातली, तेव्हा केवढे वादळ उठले! विवाहासाठी मुलीचे किमान वय १४ ठरवणारा सारडा कायदा व्हायला १९२९ उजाडावे लागले. ज्या वयात खेळायचे, त्या वयात संसार हाती येई. भातुकलीतली भांडी तेवढी मोठी होत.

१४/
म्हणून मुलींचे सगळेच खेळ बेडीसारखे होते असे मानणेही अन्यायाचे ठरेल. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरणारा भोंडला, विदर्भ-खानदेशातली भुलाबाई, श्रावणातली मंगळागौर, नागपंचमीचे झोके यांनी मुलींना मोकळा श्वास दिला. सासरचा जाच गाण्यांतून हसत हसत बोलून दाखवता येई. फुगडी, झिम्मा, पिंगा यांत अंग घामाघूम होईपर्यंत नाचता येई. एरवी खालच्या मानेने वावरणाऱ्या शरीराला त्या रात्री गिरकी घ्यायची मुभा होती.

१५/
मुभा होती, पण ती सणापुरती. पहाट झाली की पदर पुन्हा खोचला जाई. मुलांच्या विटीदांडूला, सूरपारंब्यांना, पोहण्याला पंचांगातला दिवस पाहावा लागत नसे. फरक खेळांच्या गोडीत नव्हता, तो त्यांच्या हद्दीत होता. मुलाचा खेळ वेशीपर्यंत, नदीपर्यंत, डोंगरापर्यंत जाई. मुलीचा खेळ उंबरठ्याच्या आत फिरून पुन्हा चुलीपाशी येई.

१६/
ही हद्द पुसली की काय घडू शकते, याचे उदाहरण ब्रह्मावर्ताच्या वाड्यात सापडते. दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला असलेल्या मोरोपंत तांब्यांची मनू नानासाहेबांच्या बरोबरीने वाढली, घोड्यावर बसायला आणि शस्त्र चालवायला शिकली, असे परंपरा सांगते. पुढे तीच झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. १८५७ च्या रणात दिसलेली मांड एका दिवसात पक्की झाली नव्हती. त्यामागे एका मुलीला मिळालेले मोकळे बालपण होते.

१७/
पण मनूचे भाग्य लाखात एखादीचे. सगळ्यांसाठी ते दार कसे उघडायचे? या प्रश्नाला महाराष्ट्रातल्या दोन स्त्रियांनी प्रत्यक्ष उत्तर दिले. एक ताराबाई मोडक, जन्म १८९२. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे प्रयोग करून त्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या कामाला हात घातला. दुसऱ्या अनुताई वाघ, जन्म १९१०, गाव मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. जिचे खेळायचे वय हिरावले गेले, तिनेच पुढे हजारो मुलांना खेळ दिला.

१८/
१९४५ मध्ये दोघी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली आणि इतर आदिवासींची ती वस्ती. महागडी परदेशी साधने आणणे शक्यही नव्हते आणि इष्टही नव्हते. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, माती, बांबू. परिसरात जे होते तेच साधन झाले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रुळलेला शब्द या कामातून आला.

१९/
त्यात एक अडचण अशी होती की ती पाहिल्यावाचून समता समजत नाही. थोड्या मोठ्या मुली शाळेत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. आईवडील मजुरीवर जात आणि घर मुलीवर पडे. उपदेशाने हे सुटणारे नव्हते. ताराबाईंनी ‘विकासवाडी’ची कल्पना मांडली : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी. भावंड पाळण्यात निजले, मधले खेळायला बसले, तेव्हा कुठे ताईच्या हाती पाटी आली.

२०/
या एका योजनेत मोठा धडा आहे. मुलीला ‘शीक’ म्हणणे सोपे असते. तिच्या कडेवरचे ओझे उतरवणे हे खरे काम. खेळाचेही तसेच आहे. ‘आमच्याकडे मुलीला कोणी अडवत नाही’ असे म्हणणाऱ्या घरातही किल्ला बांधायच्या वेळी चकल्या तळायला हाक कोणाला जाते, हे पाहावे. मोकळा वेळ समान वाटला जात नाही, तोवर खेळ समान होत नाही.

२१/
कलेची गोष्ट याच डहाणू परिसरातली. वारली लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचा मान परंपरेने सवाशिणींचा. गेरू-मातीने सारवलेल्या भिंतीवर पालघट देवीचा चौक उमटल्याशिवाय लग्न लागत नसे. आज टी-शर्टापासून विमानतळापर्यंत जी चित्रशैली जगभर ओळखली जाते, ती शतकानुशतके बायकांच्या बोटांनी जपली होती. त्या चित्रांखाली कोणाची सही नसे.

२२/
१९७० च्या दशकात ही कला भिंतीवरून कागदावर आली. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी तिला जागतिक कीर्ती मिळवून दिली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची प्रतिभा वादातीत आहे. रूढ चौकट मोडून एका पुरुषाने बायकांची मानलेली कला हाती घेतली, हेही समतेचेच एक पाऊल. मात्र कला बाजारात पोहोचली, तेव्हा गाजलेली नावे मुख्यतः पुरुषांची होती. भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवाशिणी निनावीच राहिल्या.

२३/
शाळेच्या चित्रकलेच्या तासाला वारली चित्र हमखास असते. त्या वेळी ही गोष्ट दोन वाक्यांत सांगता येईल. मुलांना कळेल की तांदळाचे पीठ भिजवून चौक लिहिणारे हात आजींचे होते, आणि कुंचला मुलाच्याही हाती शोभतो. रांगोळीचेही तेच. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे मोजमाप, सममिती आणि रेषेवरची हुकमत. तिला ‘बायकी’ म्हणून मुलांना त्यापासून दूर ठेवणे म्हणजे त्यांची एक कला हिरावून घेणे.

२४/
भातुकलीबद्दलही इतिहासाचा कौल ध्यानात घ्यावा. ‘मुलगा असून चूल मांडतोस?’ हा टोमणा परंपरेच्या नावाने मारला जातो. पण पेशवाईतल्या मोठमोठ्या पंक्तींचा स्वयंपाक पुरुष आचारीच करीत. मानधन आणि मान मिळाला की तोच स्वयंपाक पुरुषाचा होतो. घरात रोज, विनामोबदला करायचा असला की तो बाईचा ठरतो. मुलाला भातुकलीतून उठवणाऱ्या मोठ्यांनी ही विसंगती एकदा तपासावी.

२५/
‘खेळाला खेळच राहू द्या, त्यात समता कशाला आणता?’ असा आक्षेप येईल. तो प्रामाणिक असू शकतो. खेळाला प्रवचनाचे जड ओझे झाले तर मुले पळून जातील, हेही खरे. पण खेळात शिकवण आधीपासूनच भरलेली आहे. मुलीला लाटणे आणि मुलाला तलवार देताना मोठी माणसे काही शिकवीतच असतात. प्रश्न एवढाच की शिकवण डोळसपणे द्यायची की सवयीने. खेळणी अदलाबदल करायला प्रवचन लागत नाही.

२६/
यंदाच्या दिवाळीत करता येईल असे काही. किल्ला-स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी तटबंदीच्या अचूकतेइतकेच गुण ‘गडावरील माणसे’ या सदराला द्यावेत. चिमुकल्या पाट्यांवर नावे लिहावीत : येसूबाई, रायगड, १६८९, ताराबाई, पन्हाळा. मूर्ती मिळत नसेल तर मुलांनी शाडूची घडवावी. कुंभारांकडे तशी मागणी नोंदवावी. जे विकले जाते तेच पुढच्या वर्षी साच्यातून निघते.

२७/
बांधणाऱ्यांच्या चमूत मुली असाव्यात, आणि त्या केवळ पाणी आणून देण्यापुरत्या नसाव्यात. गडाचा आराखडा त्यांनीही काढावा. फराळाच्या ताटापाशी आणि रांगोळीच्या डब्यापाशी मुलांनाही तेवढ्याच हक्काने बसवावे. ट्रेकला जाणाऱ्या तरुणांनी गडावर गोष्टी सांगताना लढायांबरोबर टाकी, अंबरखाने, जाती यांचाही इतिहास सांगावा. लहान भावंडे तीच गोष्ट घरच्या किल्ल्यावर मांडतील.

२८/
भाऊबीज संपली की किल्ला मोडला जातो. माती कुंड्यांत परत जाते, विटा जिन्याखाली, मूर्ती खोक्यात. त्या खोक्यात वर्षभर कोण कोण शेजारी शेजारी झोपते, हे मुलांच्या लक्षात राहते. पुढल्या वर्षी खोका उघडल्यावर एखाद्या सहा वर्षांच्या मुलीने मावळ्यांच्या आधी ताराबाईंना बाहेर काढावे, माथ्यावर ठेवावे आणि भावाला म्हणावे, “तू जाते कुठे ठेवायचे ते ठरव, तोवर मी दरवाजा बांधते.” किल्ला तेव्हा पुरा होईल.

#मराठीइतिहास #दिवाळीचाकिल्ला